चव्हाण अण्णांचा खडू

चव्हाण अण्णांना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला ते मेलेले वाटले. देवनहळ्ळीला आमच्या इमारतींच्या मागे, कुंपणाच्या कोपऱ्यात एक लाकडी बोट ओट्यावर चढवून ठेवलेली आहे. तिच्याखालून कॅनव्हासच्या बुटातले दोन पाय बाहेर आले होते. पाय हलत नव्हते. मी वाकून विचारलं, "अहो, जिवंत आहात का?"

"स्वल्प थांबा," आतून आवाज आला. "एक थेंब यायचा आहे."

थोड्या वेळाने हातात खडू घेतलेला एक वाळका म्हातारा सरपटत बाहेर आला. अंगावरची माती झटकत त्यांनी माझ्याकडे पाहिलं. नाव नाही, गाव नाही, एकदम विचारलं, "अक्का, तुम्हाला वाती वळता येतात का?"

मी म्हटलं, "येतात. देऊळ कुठं आहे?"

"देवाच्या नव्हेत. बोटीच्या. करंगळीएवढ्या जाड आणि दहा हात लांब."

तेव्हा मी बनशंकरीहून मुलाकडे नुकतीच राहायला आले होते. बनशंकरीत तीस वर्षं मी लोणची घालून विकली. इथे आठव्या मजल्यावर करायला काही नव्हतं. मी हो म्हटलं. बोटीच्या दोन फळ्यांमध्ये जी फट असते, तिच्यात कापसाची वात ठोकून वरून लुकण भरतात, हे मला त्या दिवशी कळलं. पुढची सहा वर्षं त्या वाती मी वळल्या.

अण्णा खानापूरकडचे. नौदलात इंजिनखोलीत वीस वर्षं होते, नंतर होसकोट्याच्या एका कारखान्यात. बायको गेली होती, मुलगी परदेशात होती. बोट दुसऱ्या महायुद्धातली, अण्णांपेक्षा वयाने मोठी. कुणा हौशी माणसाने ती मोडीत विकत घेऊन, ट्रकवर घालून इथे आणली होती. त्याला तिच्यात हॉटेल काढायचं होतं. हॉटेल झालं नाही, जमीन विकली गेली, इमारती उभ्या राहिल्या आणि बोट कोपऱ्यात राहिली. अण्णांनी सोसायटीकडून तो कोपरा मागून घेतला, फुकट राबणारी माणसं जमवली, आणि पाच वर्षं खपून बोट नीट केली. दर रविवारी ती लोकांना दाखवायची. तिकीट नाही, पगार कुणालाच नाही.

येणाऱ्यांची पुष्कळदा निराशा व्हायची. मुंबईहून आलेल्या एका गृहस्थांनी विचारलं, "हिनं शत्रूची किती जहाजं बुडवली?"

"एकही नाही," अण्णा म्हणाले. "हिनं बंदरात उभ्या असलेल्या जहाजांना भाजी पोचवली, टपाल पोचवलं. आजारी माणसं किनाऱ्याला आणली."

"मग ही युद्धातली बोट कशी?"

"लढणाऱ्याला जेवायला लागत नाही का हो?"

आमच्यातल्या काहींचं म्हणणं होतं की पुढच्या बाजूला एखादी खोटी तोफ बसवावी, लोक फोटो काढतील. अण्णा म्हणाले, "सरी, ठीक आहे. मग तोफेबरोबर खोटा इतिहास सांगायला माणूसही आणा. मी नाही." तोफ बसली नाही.

लोकांचा दुसरा प्रश्न ठरलेला असायचा. पाण्यात सोडली तर ही तरंगेल का? त्याचं उत्तर अण्णा दरवर्षी तपासून ठेवत. बोट पाण्यात नेता येत नव्हती, म्हणून ते पाणीच बोटीत आणत. आयुधपूजेच्या, म्हणजे खंडेनवमीच्या, दुसऱ्या दिवशी बोटीच्या पोटात वीतभर पाणी भरायचं आणि खडू घेऊन खाली उताणं पडायचं. जिथून थेंब येईल ती जागा फडक्याने पुसायची आणि थांबायचं. त्याच जागी पुन्हा थेंब आला तर खूण करायची. मग वर्षभर रविवारी सांगायचं, "आज सोडली तर सात ठिकाणी गळेल. मला पंधरा दिवस द्या, मग सोडा." सात म्हणजे सात. सहा कधी म्हणाले नाहीत. "गळती लपवली की पहिल्यांदा इंजिनखोलीतला माणूस बुडतो," असं ते म्हणत, आणि ते स्वतः इंजिनखोलीतले होते.

जमिनीवर ठेवलेल्या लाकडी बोटीला ऊन मारतं. फळ्या सुकून आकसतात, सांधे उघडतात. म्हणून अण्णा तिच्या अंगावर गोणपाट टांगत आणि सकाळी आणि दुपारी तीनला ते भिजवत. या कामाला त्यांनी कधी सुट्टी घेतली नाही.

मग एका उन्हाळ्यात आमच्या बोअरवेलचं पाणी गेलं. टँकर येऊ लागले, तेही मोजून. सोसायटीने कळवलं की झाडांना पाणी नाही, गाड्या धुवायला नाही, बोटीला नाही. त्यात काही चुकीचं नव्हतं. त्याच सुमारास एका कंपनीचे लोक आले. बोटीला बाहेरून फायबरचा थर देतो म्हणाले, खर्च आमचा, फक्त पाटीवर आमचं नाव. थर दिला की पाणी नको, गोणपाट नको, ऊन लागो की पाऊस लागो.

रविवारचं सगळं काम बघणारी तेजश्री पुण्याची, कॉम्प्युटरवाली, हुशार मुलगी. ती म्हणाली, "अण्णा, प्रॅक्टिकली बघा ना. तुम्ही अठ्ठ्याहत्तरचे. तुमच्यानंतर रोज दोनदा कोण भिजवणार? बोट टिकणं इंपॉर्टंट आहे ना?"

अण्णांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "पोरगी बरोबर बोलतेय. लावून टाका."

"अक्का, तुम्ही पण?" अण्णा म्हणाले. "फायबर लावलं की आतलं लाकूड जगलं की कुजलं, कुणाला दिसणार नाही. वरून गुळगुळीत. तुम्ही झाकण न उघडता लोणचं विकलंत का कधी?"

"लोणच्याला रोज दोन वेळा अंघोळ घालावी लागत नाही," मी म्हटलं.

बैठकीत खूप बोलणं झालं. शेवटी तेजश्रीने तोडगा काढला. आयुधपूजेनंतर तपासायचं. दहापर्यंत थेंब आले तर फायबर नाही. दहाच्या वर गेले तर फायबर. कंपनीवाले तोवर थांबायला तयार झाले. अण्णा एवढंच म्हणाले, "सरी."

दुसऱ्या दिवशी लिफ्टमध्ये चिठ्ठी लागली, कन्नडमध्ये, इंग्रजीत आणि मराठीत. 'बोटीसाठी पाणी द्या. तांदूळ, डाळ, भाजी धुतलेलं चालेल. साबणाचं नको.' आणि अण्णा दोन बादल्या घेऊन प्रत्येक मजल्यावर हजर. माझं मत फायबरचंच होतं, पण दारात आलेल्या माणसाला तांदळाचं धुवण नाही कशाला म्हणायचं? मी दिलं. बाकीच्या बायकांनीही दिलं. बोट भिजू लागली.

चार दिवसांनी बोटीला वास सुटला. रविवारी आलेले लोक नाकाला पदर, रुमाल लावू लागले. एका बाईने तेजश्रीला विचारलं, "इथं इडलीचं पीठ करतात का हो?" माश्या आल्या. तेजश्री संतापली होती, पण अण्णांना सांगायला कुणी तयार नव्हतं. मी सांगितलं.

"अण्णा, तुमच्या बोटीला आंबलेल्या पेजेचा वास येतोय."

"येतोय का?" ते खरोखरच चकित झाले. "मला काही कळत नाही, अक्का. नाक इंजिनखोलीतच गेलं. डिझेल जळतंय हेसुद्धा मला कुणीतरी सांगावं लागायचं."

मग ते गोणपाटाशी गेले आणि उगीच हुंगून पाहू लागले. मला हसू आलं, आणि जरा वाईटही वाटलं. मी म्हटलं, "धुवण तासभर ठेवा, पिठूळ खाली बसू द्या, वरचं निवळ घ्या. आणि त्यात मीठ घाला. खडा मीठ. कैरीला घालतो तसं, हात आखडू नका."

"मीठ? मीठ लोखंड खातं, अक्का! माझे बोल्ट आहेत आत!"

"बोट समुद्रात होती तेव्हा काय गोड्या पाण्यात होती?"

अण्णा एवढे हसले की त्यांना खोकला आला. "वीस वर्षं समुद्रावर काढली," ते म्हणाले, "आणि मीठ शिकायला आठव्या मजल्यावरच्या बाईकडे आलो." ही गोष्ट त्यांनी नंतर भेटेल त्याला सांगितली. स्वतःची फजिती सांगताना त्यांचा चेहरा खुलायचा.

वास गेला. त्या उन्हाळ्यात त्यांनी स्वतःच्या अंघोळीचं पाणी अर्ध्या बादलीवर आणलं हे मला त्यांच्या कामवालीकडून कळलं. मेच्या अखेरीला त्यांना धाप लागू लागली, तेव्हा दुपारचे गोणपाट मी भिजवू लागले. एकदा ऊन फार होतं म्हणून मी बोटीच्या पोटात जाऊन बसले. बाहेर डोळे उघडवत नव्हते. आत गार आणि काळोख. ऐंशी वर्षांच्या फळ्या, आणि एकाही सांध्यातून उन्हाची रेघ दिसत नव्हती. मी वळलेल्या वाती तिथे कुठेतरी होत्या. त्या दिवशी माझं मत बदललं. मी कुणाला सांगितलं नाही. अण्णांना सांगितलं असतं तर त्यांनी ते आख्ख्या देवनहळ्ळीला ऐकवलं असतं.

श्रावणात त्यांना दवाखान्यात ठेवलं. मी भेटायला गेले. उशीखालून त्यांनी खडूचा तुकडा काढला.

"यंदा मला खाली झोपवणार नाहीत," ते म्हणाले. "तुम्ही बघा."

"मी? तेजश्रीला सांगा. मी चौथी शिकलेली."

"दहापर्यंत मोजता येतं ना? तुम्ही फायबरच्या बाजूच्या, सगळ्यांना ठाऊक आहे. तुम्ही कमी मोजाल असं कुणी म्हणणार नाही."

मला तेव्हाच सांगता आलं असतं. मी खडू घेतला. ते म्हणाले, "पुसायचं आणि थांबायचं. घाई केली की चुकतं." गणपतीच्या आधी चार दिवस ते गेले. मुलगी येऊन गेली. त्यांचे कॅनव्हासचे बूट बोटीखालीच राहिले होते, ते मी तिला दिले.

आयुधपूजेला बोटीपुढे कोहळा फोडला. दुसऱ्या दिवशी सकाळी तेजश्रीने पोटात पाणी भरलं आणि मी सतरंजी टाकून खाली उताणी झाले. माझे गुडघे मला पुन्हा उभं करतील की नाही याची खात्री नव्हती. पुढच्या बाजूला चार खुणा झाल्या, मध्ये पाच. मागे एक. दहा. बराच वेळ काही आलं नाही.

"आजी, किती?" तेजश्रीने बाहेरून विचारलं.

"थांब," मी म्हटलं.

तेवढ्यात तळाच्या तुळईला लागून असलेल्या सांध्यातून माझ्या गालावर थेंब पडला. तो सांधा फक्त मलाच दिसत होता. मी फडक्याने पुसला आणि थांबले. पुन्हा येऊ नये असं मला वाटत होतं, हे लपवत नाही. आला. मी पुन्हा पुसलं. एकदाच पुसायचं असतं, मी दोनदा पुसलं. पुन्हा आला. मी खूण केली.

तेजश्री वाकून आत आली, मोजलं, आणि माझ्या शेजारी मातीतच बसली. म्हणाली, "आजी, अकरावा सोडून देऊ या ना."

"तू तर फायबरवाली."

"तुम्हीपण होतात."

"तुला सोडायचा तर सोड. फडकं तिथं पडलंय."

तिने फडक्याकडे पाहिलं. उचललं नाही. मला हात देऊन उठवलं.

दिवाळीनंतर फायबरवाले आले. त्यांनी आधी सगळ्या फळ्या घासून घेतल्या, त्यात खडूच्या खुणा गेल्या. काम चांगलं केलं त्यांनी. बोट आता चकचकीत दिसते, पाटीही मोठी आहे. गोणपाट काढून टाकले. तीन वाजता मला काही काम नसतं.

रविवारी मात्र मी जाते, खुर्ची टाकून बसते. लोक विचारतात, पाण्यात सोडली तर तरंगेल का? मी सांगते, "आता सांगता येत नाही. शेवटचं पाहिलं तेव्हा अकरा ठिकाणी गळत होती."