जोडीच्या बाई

समूहगानासाठी पोरं निवडताना आमच्या शाळेतल्या गाण्याच्या बाई आधी आवाज ऐकत नसत, घर विचारत. "कुठल्या वस्तीवरचा रे तू? शेजारी कोण राहतं?" मग एकाला वरचा सूर आणि त्याच्या शेजारच्याला खालचा. वडगाव रासाईतली सगळी पोरं त्यांना 'जोडीच्या बाई' म्हणत.

ही खोड भीमेला पाणी आलं तेव्हापासूनची. नदीकाठची घरं शाळेत राहायला आली, वर्ग बरेच दिवस बंद राहिले आणि पोरं गाणं पार विसरली. बाई दौंडच्या, लहानपणापासून चर्चमध्ये दोन सुरांत गायलेल्या. म्हणाल्या, "सर, शाळा परत बंद पडणारच. वस्ती कुठं बंद पडते? जोडीदार जवळ असला की गाणं टिकतं." मी मान डोलावली आणि मनात म्हटलं, कसलं डोंबलाचं नियोजन!

पुढं बाई आजारी रजेवर असताना स्पर्धेची तयारी माझ्याकडं आली. मला ढाल हवी होती. नदीकाठच्या पोरांचे आवाज खणखणीत, म्हणून त्या सगळ्यांना मी वरचा सूर दिला. खालचा सगळा माळावरच्या पोरांना. ढाल मिळाली. बाईंनी ती कौतुकानं पाहिली आणि म्हणाल्या, "जोड्या तुम्ही मोडल्यात, तुम्हीच लावा." मी म्हणालो, "लावतो की! पोरं कुठं पळून जातायत?" आज लावू, उद्या लावू करत राहिलो, तोवर कोरोना आला आणि शाळेला कुलूप लागलं.

त्याच बंदमध्ये बाई निवृत्त झाल्या. फोनवर म्हणाल्या, "हार नको, शाल नको. पोरांचं गाणं तेवढं ऐकवा." या वस्तीवरून त्या वस्तीवर जायला बंदी, म्हणून मी नदीकाठचीच पाच पोरं एका अंगणात लांब लांब उभी केली आणि फोन स्पीकरवर ठेवला. पहिल्याच कडव्याला गाणं उघडं पडलं. धाकटी शकू थांबली. "सर, खालचा आमाला येतच न्हाई. त्यो माळावरच्यांचा हाय."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तेवढ्यात फोनमधून आवाज आला, "थांबू नका गं, गात राहा." आणि खालचा सूर बाईंनी स्वतः धरला, शेवटच्या ओळीपर्यंत. त्यांच्याच निरोपाचं गाणं माझ्यामुळं त्यांनाच अर्धं गावं लागलं.

दौंडला जाऊन माफी मागायची, असं मी नुसतं म्हणत राहिलो. बाई गेल्या.

आता समूहगान माझ्याकडं आहे. नवं पोर समोर आलं, की मी आधी विचारतो, "घर कुठं रे तुझं?"