गार राहिलेली बॅच

धोंडिबा रोज सकाळी लोणी काळभोरहून मोटारसायकलवर हडपसरच्या कारखान्यात येई. औषधांचा कच्चा माल बनवणाऱ्या त्या कारखान्यात त्याने सव्वीस वर्षं रिॲक्टर, म्हणजे रसायनं एकत्र करायच्या बंद टाक्या, चालवले होते. बारा वर्षांपूर्वी त्याच्या कामावरच्या जोडीदाराचे, माधवचे, डोळे एका उसळलेल्या बॅचने घेतले. तेव्हापासून धोंडिबा शेडमध्ये कधी दाराकडे पाठ करून उभा राहत नसे.

त्या मंगळवारी नवी बॅच होती. दोन निराळ्या रेणूंचे कार्बन एकमेकांना जोडायचे. ते आपण होऊन जुळत नाहीत. पॅलेडियम धातूची चिमूटभर पूड मध्ये पडली की जुळतात, आणि जुळताना तापतात. म्हणून एक द्रव आत भरून दुसरा हळूहळू सोडायचा आणि बाहेरून थंड पाणी फिरवायचं.

अकरापर्यंत निम्मा द्रव आत गेला, तरी तापमानाचा काटा साठ अंशांवरून हलेना. धोंडिबाने व्हॉल्व्ह बंद केला.

"मामा, का थांबवलं?" केमिस्ट मैत्रीने विचारलं.

"ताई, तापंना झालंय. आत गेलेलं समदं तसंच पडून हाय."

मैत्रीने नमुना तपासला. काहीच जुळलं नव्हतं.

तेवढ्यात मॅनेजर सलिल आला. "पॅलेडियम मेलं असेल. आणखी एक पुडी टाका. रिॲक्टरशी गप्पा मारायला पगार मिळत नाही आपल्याला."

"साहेब, आता टाकलं तर समदं एकदम उठंल."

सलिल स्वतःच पुडी घेऊन शिडीकडे निघाला. धोंडिबा वाट अडवून उभा राहिला. "मी हलणार न्हाई."

दोघे तसेच उभे असताना काटा सरकला. चौसष्ट. बहात्तर. पुडी न पडताच आतलं जागं झालं होतं.

धोंडिबाने थंड पाणी पूर्ण सोडलं आणि सलिलला ढकलत तो ओरडला, "पळा समदे!" मैत्रीने भोंगा वाजवून अकरा माणसं बाहेर काढली. आतल्या दाबाने रिॲक्टरवरची सुरक्षेची चकती फुटली, उकळता द्रव छतावरच्या नळातून फवारला. ठिणगी कुठे नव्हती, एवढंच नशीब. धोंडिबा सगळ्यांच्या मागून आला. डावा हात कोपरापर्यंत भाजलेला.

अहवालात सलिलने लिहिलं : ऑपरेटरने मध्येच थांबवल्यामुळे बॅच बिघडली. मैत्रीने सही केली नाही. तिने स्वतःचा अहवाल सरकारी निरीक्षकाकडे पाठवला. उत्तर आलं नाही. महिन्याभरात क्रेनने पाचपट मोठा रिॲक्टर शेडमध्ये उतरवला.

"जाऊ नका हो," घरी त्याची बायको कांताबाई म्हणाली.

"मी न्हाई गेलो तर त्यास्नी थांबवायला कोण हाय?"

सोमवारी तो पोचला तेव्हा नव्या रिॲक्टरमध्ये रात्रपाळीने निम्मा द्रव सोडलाही होता. व्हॉल्व्ह उघडाच ठेवून त्याला साखळी आणि कुलूप घातलं होतं. किल्ली सलिलच्या खिशात होती, आणि सलिल मीटिंगला मुंबईला गेला होता.

धोंडिबाने काट्याकडे पाहिलं. साठ.