बाबांचा खालचा सूर

अमरावतीत काष्ठौषधींच्या दुकानात ज्येष्ठमधाचा वास आला आणि मला लहानपणीची एक सकाळ आठवली.

परतवाड्याच्या चर्चमध्ये ईस्टरची सकाळची उपासना होती. बाबा आमच्या गायकांत सगळ्यात खालचा सूर गायचे. तो लागला की बाकाची फळी तळहाताखाली थरथरायची. सणाच्या दिवशी ते उठल्यापासून गाणं होईपर्यंत एक शब्द बोलत नसत. बोललं की आवाज वर चढतो म्हणायचे. गालात ज्येष्ठमधाची कांडी धरून नुसत्या खुणा चालायच्या.

त्या दिवशी मी पहिल्यांदाच एकटी कडवं गाणार होते. कडव्याचा कागद मी पुन्हा पुन्हा उघडून पाहत होते. मी उभी राहताना बाबा माझ्या कानाशी वाकले आणि चक्क बोलले, "काहून भेऊन रायली? मी खाली हावो ना."

मी गायले. शेवटच्या ओळीला त्यांचा सूर यायचा होता. पुढच्या बाकावर हात घट्ट दाबून मी वाट पाहत राहिले. फळी हललीच नाही. त्यांच्या तोंडून नुसता श्वास आला. मला इतकी लाज वाटली, की आठवडाभर मी त्यांच्याशी धड बोलले नाही.

आता कळतं, त्यांचा सगळ्यात खालचा सूर त्या सकाळी गाण्याआधीच लागला होता. तो मी एकटीनंच ऐकला होता, अगदी कानाशी.