मातीवरची खूण

जे. पी. नगरमधल्या आमच्या क्लबात टेनिसच्या मातीच्या कोर्टाची निगा राखणाऱ्या माणसाचं नाव मी कधी विचारलं नाही. चपला बाहेर काढून तो पाणी मारायचा, रोलर फिरवायचा आणि वाकून पांढऱ्या रेषा झाडायचा.

मी सिमेंटच्या कोर्टावर शिकलेला. तिथे चेंडू झपकन निघून जातो, मागे काही राहत नाही. गेल्या वर्षी तिथल्या फायनलमध्ये शेवटच्या पॉइंटला मित्राचा रेषेवर, म्हणजे आतच पडलेला चेंडू मी आउट दिला आणि जिंकलो. त्याने माझ्या शब्दावर विश्वास ठेवला.

यंदा आम्ही मातीवर खेळत होतो. चेंडू संथ येऊन उंच उसळत होता, एकेक पॉइंट संपता संपत नव्हता. मित्राचा फटका रेषेपाशी पडला. "आउट!" मी ओरडलो आणि चेंडूची मातीत उमटलेली खूण बुटाने पुसायला गेलो.

"स्वल्प थांबा, अण्णा," कोर्टाची निगा राखणारा तो माणूस पाण्याचा पाइप खाली ठेवत कानडी वळणाच्या मराठीत म्हणाला. "सिमेंटवर तुम्ही म्हणाल ते सरी, ते बरोबर. मातीवर आधी बघायचं. टीव्हीत मोठे खेळाडू खूण पायाने पुसतात ना, ते समोरच्याला पॉइंट देताना."

मी वाकलो. खुणेची कड रेषेला टेकलेली होती.

"आउट ना रे?" मित्राने पलीकडून विचारलं. अजूनही त्याचा विश्वास होता.

"आत आहे. पॉइंट तुझा." मी खूण पुसली आणि नेटकडे चालू लागलो. गेल्या वर्षीच्या चेंडूची खूण कुठेच नव्हती. तोही आत होता, हे मित्राला आता मलाच सांगायचं होतं.