थोरलीवर ओलं गोणपाट

हे लिहिणारच नव्हते. दोनदा टाईप केलं, दोनदा पुसलं. यात ज्यांची नावं येणार ती माझीच माणसं आहेत आणि उद्या तालमीला त्यांच्याच शेजारी बसून मला व्हायोलिन वाजवायचंय. पण सकाळी सणसरहून सोनमताईचा फोन आला. "डॉक्टर म्हणले घरी न्या," एवढंच बोलली आणि रडायला लागली. आता ज्याला चिडायचंय त्यानं चिडावं.

सोनमताई म्हणजे रामहरी तात्यांची मुलगी. बारामतीचा आमचा वाद्यवृंद ज्यांनी ऐकलाय त्यांनी तात्यांना बघितलंच असणार, फक्त लक्षात नसतील. टोपी, पांढरा लेंगा, खुर्च्या लावत फिरणारे. सणसरला कॅनॉलच्या पाण्यावर मेथी-कोथिंबीर करायची आणि छोटा हत्ती टेम्पोतून मंडईत आणायची, हे त्यांचं काम. बायको द्वारकाबाई वारल्या, तेव्हापासून माल विकला तरी त्यांना घरी जाऊ वाटायचं नाही. असंच एकदा शाळेच्या हॉलच्या खिडकीशी उभं राहून आमची तालीम ऐकत होते. आमचा वाद्यवृंद बसवणारे ज्ञानेश सर म्हणाले, "आत या की तात्या."

आत आले, शेवटच्या खुर्चीवर बसले, बराच वेळ ऐकलं आणि मग हळूच विचारलं, "ऑर्केष्ट्रा म्हनत्यात न्हवं ह्याला? मग बाया कधी नाचायच्या?"

आम्ही हसून हसून लोळलो. ते पण हसले. "न्हाय नाचल्या तरी चालंल. ग्वाड वाजवताय."

त्या दिवसापासून ते आमचेच झाले. जाजम टाकायचे, चहा आणायचे, सगळी वाद्यं स्वतःच्या गाडीतून न्यायचे. आम्ही मध्येच थांबलो आणि लोक टाळ्या वाजवायला लागले की मागून ओरडायचे, "आरं थांबा, अजून हाय!"

आणि त्यांचा सगळ्यात जास्त जीव चेलोवर. चेलो म्हणजे व्हायोलिनसारखाच, पण जवळजवळ माणसाएवढा, गुडघ्यात धरून वाजवायचा. आमच्यात एकच आहे, वर्गणी काढून जुना घेतलेला, अविराज वाजवतो. तात्या त्याला थोरली म्हणायचे. मला एकदा म्हणाले, "थोरली बोलली की पोटात हालतं बघ. आमची द्वारका अशीच बोलायची. कमी, पर खालच्या आवाजात."

मग मागच्या वर्षीचा मे महिना आला. इंदापूरला कार्यक्रम होता. आम्ही एसटीनं गेलो आणि वाद्यं तात्यांच्या गाडीत. ऊन इतकं की डांबर चपलेला चिकटत होतं. आता मेथी उन्हातनं न्यायची असेल तर माणूस काय करतो? ओलं गोणपाट टाकतो. आयुष्यभर तेच केलेलं. तात्यांनी चेलोच्या कापडी पिशवीवर ओली गोणपाटं टाकली. लासुर्ण्यात गाडी थांबवून परत पाणी मारलं. निमगावात परत.

स्टेजवर अविराजनं चेलो काढला, खुंटी पिळली आणि कडकन आवाज आला. पाठीची फळीच सुटली. ती सरसानं चिकटवलेली असते आणि पाणी अन् उकाडा दोन्ही बसल्यावर सरस धरतोय कसला.

"हे भिजलं कसं?" सरांनी विचारलं.

तात्या छाती काढून पुढं आले. "मीच भिजवलं की सर! लय ऊन व्हतं. थोरलीला झळ लागू दिली न्हाय."

मग अविराज म्हणाला, "तात्या, ही काय मेथीची जुडी हाय व्हय?"

सगळे हसले. पुढच्या रांगेतले लोक पण. तात्या पण आधी हसले. मग खाली बसून त्यांनी त्या सुटलेल्या फळीवर हात ठेवला आणि तो हात कितीतरी वेळ काढलाच नाही.

त्यांच्यावर कुणी ओरडलं नाही हो. ओरडले असते तर बरं झालं असतं. पुढच्या कार्यक्रमाला दुसराच टेम्पो आला. "तात्या, तुम्ही आराम करा आता." त्यांनी खुर्ची उचलली की कुणीतरी हातातनं काढून घ्यायचं. मेथीतात्या असं नाव पडलं, आणि सगळे त्यांना तोंडावर पण तसंच म्हणायला लागले. हळूहळू तात्यांचं येणंच बंद झालं. कुणी विचारलं पण नाही.

आज मी सणसरला गेले. पडवीत बाजेवर झोपलेले. दोन्ही किडन्या गेल्यात, तोंड एवढं सुजलंय की मला पटकन ओळखूच आले नाहीत. त्यांनी मात्र मला ओळखलं. पहिलं काय विचारावं? "थोरलीचं काय झालं गं?"

चेलो तर कधीच दुरुस्त झालाय! पुण्याला नेऊन पाठ परत चिकटवून आणली, दिवाळीच्या कार्यक्रमात मस्त वाजला. आणि हे त्यांना आमच्यातल्या एकानंही सांगितलेलं नव्हतं.

"बरी आहे तात्या. वाजतीय की."

"माझं मन राखाया बोलतीस."

मोबाईलवर रेकॉर्डिंग लावून कानाशी धरलं. त्यांनी मान फिरवली. "त्यात काय बी वाजतं, बाळ. अविराजनं सांगितलं तर खरं."

बाहेर आल्यावर सोनमताई म्हणाली, "झोपेत सारखं म्हनत्यात, माझ्या हातनं गेली ती. आमाला वाटायचं आईचंच काय तरी मनात राहिलंय."

मी रस्त्यातूनच अविराजला फोन लावला. म्हणाला, "अगं रविवारचा कार्यक्रम होऊ दे, मग जाऊ." सरांना लावला. म्हणाले, "आजारी माणसाला जुनं कशाला उकरून दाखवायचं?"

सर, तुम्ही नका उकरू, ते रोज स्वतःच उकरतायत. त्यांना वाटतंय त्यांनी थोरलीला मारलं, आणि ते असंच वाटत वाटत जाणार आहेत.

अविराज, चेलो घे आणि जा. सणसरला कॅनॉलच्या पुलाजवळ कुणालाही विचार, घर दाखवतील. काही बोलता नाही आलं तर नुसता बाजेला टेकवून उभा कर, त्यांना पाठीवरून हात फिरवू दे. बाकीच्यांनी पण जा, आमच्या कार्यक्रमाला एकदा जरी आला असाल तर जा. रविवारपर्यंत थांबू नका. किती दिवस ते डॉक्टर सांगत नाहीयेत, आणि मी तात्यांचे सुजलेले हात बघून आलेय. लवकर जा.