राजूर घाटातला दुसरा गिअर

दिगंबरराव गेल्याचा निरोप आला तेव्हा मी मेथी निवडत होते. मुलाचा दवाखान्यातून फोन आला. म्हणाला, "आई, बाबा गेले." मी "बरं" म्हणाले आणि उरलेली जुडी निवडून संपवली. त्यावर आमच्या गल्लीत काय काय बोललं गेलं ते माझ्या कानावर आलं आहे. बोलू देत. ज्या घरात नवऱ्याचं नाव तोंडातून काढायची सोय नव्हती, त्या घरात मी चव्वेचाळीस वर्षं काढली. आता घेते नाव, अडवणारं कोणी उरलं नाही.

तेरावं झाल्यावर वाचनालयात शोकसभा झाली. नांदुऱ्यात शोकसभेला माणसं खूप येतात, बोलणारी त्याहून जास्त. एक निवृत्त हेडमास्तर उठले आणि त्यांनी घाटाची गोष्ट सांगितली. ब्रेक गेलेली जीप, मागे म्हातारी आई, शेजारी बायको, तिच्या मांडीवर तान्ही लेक, आणि दिगंबररावांनी पळत्या गाडीचा गिअर कसा बदलला, चौघांचे प्राण कसे वाचवले... लोक हळहळले. बायकांनी डोळ्यांना पदर लावले. मी पहिल्या ओळीत बसून ऐकत होते. मेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये म्हणतात. ठीक आहे. पण खोटं बोलू नये, असं कोणी का म्हणत नाही?

माझं माहेर देऊळघाटचं. आम्ही माळी, वांगी, टमाटे आणि सांभार म्हणजे कोथिंबीर पिकवणारे. विहिरीवर ऑइल इंजिन होतं आणि माझं लहानपण त्याच्या आवाजात गेलं. आवाज जड झाला की मी चुलीपुढून ओरडायची, "बाबा, पट्टा सरकला!" आणि पट्टा सरकलेलाच असायचा. मला यात काही विशेष वाटत नव्हतं. दुधाचं भांडं उतू जायच्या आधी कळतं, तसंच ते.

लग्न होऊन नांदुऱ्यात आले तेव्हा महाराष्ट्र होऊन दोन वर्षं झाली होती. दिगंबररावांचा कापूस मोठा आणि तोंड त्याहून मोठं. त्यांनी कुठल्याशा लिलावातून एक जुनी जीप आणली होती. पुढे जायचे तीन गिअर, त्यांतल्या एकाशीही त्यांचं कधी पटलं नाही. ते गिअर बदलायला लागले की दुकानांतली माणसं ओट्यावर येऊन उभी राहायची, इतका करकराट. शेजारच्या जिनिंगचा ट्रक चालवणारे उस्मानचाचा त्यांना शिकवायला यायचे. शांत माणूस, पानाशिवाय दुसरं व्यसन नाही.

"शेठ," उस्मानचाचा सांगायचे, "खालचा गिअर टाकाचा तं क्लच दोन डाव दाबा. एक डाव दाबून गिअर बाहीर काढा. पाय सोडा. जरासक रेस द्या. फिरून दाबा, अन् मंग टाका. दात बरोबर बसते."

"दोन दोन डाव दाबाले ते काय शिलाई मशीन हाय बे?" हे दिगंबररावांचं उत्तर. वर हसायचे, स्वतःच.

मी मागच्या बाकावर बसलेली असायची, कारण शिकवणी नेहमी मला देवदर्शनाला नेण्याच्या निमित्तानं व्हायची. उस्मानचाचा बोलायचे आणि माझ्या डोक्यात ते विहिरीवरच्या इंजिनाच्या आवाजाशी जुळत जायचं. हा आवाज खाली आला, आता दाब. हा वर गेला, आता टाक. स्टिअरिंगला हात न लावता मी सहा महिन्यांत शिकले. ज्यांच्या हातात स्टिअरिंग होतं ते सहा वर्षांतही शिकले नसते.

त्याच हिवाळ्यात त्यांनी शंकरपटात बैलांशी पैज लावली. बैलजोड्या जिथे पळतात त्या सरळ पट्टीवर जीप पळवायची, एका जोडीच्या शेजारून. "बैल काय खाऊन जिंकते मशीनशी!" दोन्ही बाजूंना माणूसच माणूस. इशारा झाला. जीप पहिल्या गिअरमध्ये सुटली, ऐटीत सुटली, हे मी मान्य करते. मग त्यांनी दुसरा टाकायला गिअरची दांडी सरळ वर ढकलली. आमच्या जीपमध्ये पहिल्याच्या सरळ वर दुसरा नव्हता, तिथे रिव्हर्स होता. असा आवाज आला की शेजारची जोडी बुजली आणि बुजून आणखीच जोरात पळाली. जीप बंद पडून पट्टीच्या मधोमध उभी. बैल पल्ल्याला पोचले, त्यांच्या पाठीवर गुलाल पडला, तरी हे दांडीशी झटतच होते. घरी येऊन सासूबाईंना म्हणाले, "गिअर खराब हाय गाडीचा." सासूबाई म्हणाल्या, "असंन बाप्पा." त्यांच्या लेकाचं काही खराब असू शकतं हे त्या माउलीला जन्मभर ठाऊक झालं नाही.

आता घाटाची गोष्ट. सुमन, आमची थोरली, आठ महिन्यांची होती. सासूबाई आणि दिगंबरराव मला माहेराहून न्यायला देऊळघाटला आले. मागे सासूबाई आणि वांग्यांची टोपली, पुढे मी, मांडीवर सुमन. बुलडाण्याच्या पुढे राजूर घाट लागतो, तो उतरून मोताळ्यावरून नांदुरा. घाटाच्या तोंडाशी त्यांनी गाडी न्यूट्रल केली.

मी म्हटलं, "अहो, उस्मानचाचा म्हणे, ज्या गिअरात चढाव त्याच गिअरात उतराव."

"उस्मान ड्रायव्हर हाय. मालक मी हाय."

पहिली दोन वळणं ब्रेकवर निघाली. तिसऱ्याला जळका वास आला. चौथ्याच्या आधी त्यांचा पाय फळीपर्यंत गेला आणि गाडीला काही झालं नाही. ते पाय मारत राहिले, एकदा, दोनदा, पाच वेळा. मग दांडी धरून दुसऱ्यात घुसवायला लागले. करकर करकर... दात बसेनात. डावीकडे दरी, झाडांचे शेंडे आमच्या चाकांच्या खाली. मागे सासूबाईंनी देवाचा धावा सुरू केला. दिगंबररावांनी दांडी सोडून दिली आणि दोन्ही हातांनी स्टिअरिंग धरून नुसते समोर बघत बसले. त्यांचं तोंड उघडं होतं. ते तोंड मला अजून दिसतं.

मी सुमनला डाव्या बगलेत आवळलं आणि उजवा हात दांडीवर ठेवला. "ब्रेकवरचा पाय काढा," मी म्हटलं.

"काय?"

"पाय काढा! रेस द्या!"

"गाडी पयते अन् रेस देऊ? पागल झाली काय तू?"

"द्या म्हणते ना!" नवऱ्यावर मी त्याआधी कधी आवाज चढवला नव्हता. त्या माणसानं दिली रेस. इंजिन ओरडायला लागलं. मी कान लावला. अजून कमी होतं. "आणखी द्या." आवाज चढत चढत गाडीच्या धावेशी जुळला, अगदी जुळला, आणि मी म्हटलं, "दाबा क्लच!" दांडी माझ्यापासून पलीकडे सारून पुढे ढकलली. गेली. लोण्यात सुरी जावी तशी. "आता सोडा. हळू सोडा... रेसवरचा पाय काढा."

गाडीनं असा हिसका दिला की टोपलीतली वांगी आमच्या अंगावर आली. पण ती धरली गेली. इंजिन कण्हत होतं आणि गाडी मंदावत होती. चौथं वळण त्यांनी काढलं, हे मात्र त्यांनीच काढलं. पुढे रस्ता जरा सपाट होतो तिथे मुरुमाचा ढीग होता. "त्याच्यात घाला," मी म्हटलं. त्यांनी घातली.

सुमन रडत होती. सासूबाई खाली उतरल्या, रस्त्यावरच बसल्या आणि हात जोडून म्हणाल्या, "माह्या पोरानं वाचवलं आमाले."

मी दिगंबररावांकडे पाहिलं. त्यांनी खांद्यावरच्या दुपट्ट्यानं कपाळ पुसलं. "टाकला ना गिअर बरोबर," ते म्हणाले. माझ्याकडे न बघता.

नांदुऱ्यात पोचेपर्यंत गोष्ट तयार झाली होती. पुढच्या आठवड्यात ती बाजारात होती, पुढच्या लग्नसराईत प्रत्येक मांडवात. बाईनं गिअर टाकला असं म्हणणाऱ्या बाईचं कोण ऐकतं? पण पंधरा दिवसांनी मी त्यांच्याकडे जीपची किल्ली मागितली.

"कायले?"

"शिकाची हाय. उस्मानचाचा शिकवतो म्हणाले."

"लोक काय म्हणतीन?"

"मंग लोकायले सांगू का मी, घाटात दांडीवर कोणाचा हात होता ते?"

त्यांनी किल्ली ओट्यावर ठेवली. हातात दिली नाही, ओट्यावर ठेवली. एवढा ताठा तर राहणारच.

त्यानंतर गाडी मी चालवली. सुरुवातीची काही वर्षं गावाच्या शिवेशी आम्ही जागा बदलायचो, म्हणजे मालक मालकासारखे गावात शिरायचे. एके दिवशी मी थांबलेच नाही. भर बाजाराच्या दिवशी, कापसाच्या गाड्यांमधून, स्टेशनापर्यंत सरळ. शेजारी दिगंबरराव तोंडावर दुपट्टा ओढून बसले होते, जणू धुरळ्याचा त्रास. उस्मानचाचा जिनिंगच्या फाटकात उभे होते. मी दुसऱ्याचा पहिला टाकला, त्यांनी आवाज ऐकला आणि नुसती मान हलवली. माझ्या आयुष्यातलं एवढं एकच प्रशस्तिपत्र.

मला या माणसाविषयी माया वाटायला हवी, असं सुमन म्हणते. ती तेव्हा आठ महिन्यांची होती, तिला वडिलांचीच गोष्ट पाठ आहे. मी सभेत उठून बोलले नाही, ते तिच्यासाठी. इथे लिहिते आहे, ते स्वतःसाठी. ज्यानं चाळीस वर्षं बायकोचा हात स्वतःच्या खांद्याला लावून मिरवला, त्याला मी थोर म्हणणार नाही.

तरी एक सांगते, कारण खोटं न बोलण्याची गोष्ट मीच काढली आहे. परवा मुलगा गाडी धुवायला बसला. जीप केव्हाच गेली, ही तिच्या नंतरची तिसरी गाडी. पायाखालच्या चटया काढून त्यानं उन्हात टाकल्या. मग मला हाक मारली, "आई, हे काय? चालवणाऱ्याच्या बाजूची चटई धड आहे, आणि बाबांच्या बाजूची आरपार गेली. इथं तर पायाला क्लच-ब्रेक काहीच नसतं."

मी जाऊन पाहिलं. डाव्या पायाच्या चवड्याखाली, बरोबर तिथे, रुपयाएवढं भोक होतं. मला ठाऊक होतं ते. मी गिअर बदलायला लागले की शेजारी त्यांचा पाय दबायचा. एकदा दाब, सोड, पुन्हा दाब. त्या गाडीला दोनदा दाबायची गरजही नव्हती. ते खिडकीबाहेर बघत असायचे, मी रस्त्याकडे. पण शेवटच्या वर्षांत त्यांचा पाय अगदी वेळेवर पडायचा, माझ्याआधी केसभरसुद्धा नाही.

"नवी आणू का?" मुलानं विचारलं.

"आण," मी म्हटलं. "पण ही टाकू नको एवढ्यात."