पालथी घालून पाहिलेली पट्टी

प्लायवूड कापताना गोल पात्याची करवत जिच्या कडेने सरकवायची, ती अ‍ॅल्युमिनियमची लांब पट्टी घ्यायला मी लेकीबरोबर दुकानात गेले होते. लेक फर्निचर बनवते.

“ताई, कुठलीही घ्या. सगळ्या सरळच आहेत,” दुकानदार म्हणाला.

तिने पुठ्ठ्यावर पट्टीच्या कडेने रेघ ओढली. मग पट्टी पालथी घालून तीच कड रेघेला दुसऱ्या अंगाने लावली आणि पुन्हा रेघ ओढली. दोन्ही रेघांची टोकं जुळली, पण मधे बारीकसं पोट सुटलं होतं.

“पुढची दाखवा,” ती शांतपणे म्हणाली.

एका अंगाने सगळंच सरळ दिसतं, माणसंसुद्धा. पालथं घालून बघायला आणि वाकडं निघालं तर परत ठेवायला धीर लागतो. तो हिच्यात कुठून आला, कोण जाणे. माझ्याकडून आला असं मी सांगत सुटणार आहे.

शेवटी सरळ निघालेली पट्टी घेऊन आम्ही घरी आलो, आणि तिच्या कडेने तिने कपाटाच्या दोन फळ्या कापल्या. मी त्या कडेला कड भिडवून खिडकीसमोर धरल्या.

“आई, काय बघतेस?”

“मधून उजेड येतोय का ते.”

“येतोय?”

“नाही,” म्हटलं. फळ्या मात्र खाली ठेववेनात.